चष्मा काढा

“चष्मा काढा.”

माझ्या आईला म्हणाले. सर होते ते. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, अंगात कडक इस्त्रीचा झब्बा. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. कमरेला अर्धवट गुंडाळलेली हिरवीगार साडी, तीसुद्धा तिची नव्हे, त्यांचीच. पुढ्यात टोपली. टोपलीत थर्माकोलचे रंगवलेले मासे.

“कोळणीला चष्मा बरा दिसत नाही हो,” सर म्हणाले. “फोटोत सगळी मजा जाते.”

आईने चष्मा काढला. काढला आणि माझ्या हातात दिला.

हे कॉलेजात घडलं. ज्या कॉलेजात जायचं म्हणून मी अकरावी-बारावी दोन वर्षं दुसरं काही बघितलं नाही, त्याच कॉलेजात. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावावर बोलत बसतात, गोष्ट राहते बाजूला. एवढंच सांगते, रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळ फोडून बांधलेलं खासगी कॉलेज. सगळ्या काचाच काचा. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास शिकवतात. मला तोच शिकायचा होता. माझी आई मासे विकते, माझा बापूस दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. मासा घरात येतो तो मेलेला. तो जिवंत असताना काय करतो, कुठे जातो, अंडी कधी घालतो, हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. बापसाला विचारलं की म्हणायचा, “ता दर्याला विचार.” दर्याला विचारायचं तर शिकायला पाहिजे ना?

यादी लागली तेव्हा माझं नाव वरच्या यादीत नव्हतं. खालच्या यादीत होतं. प्रतीक्षा यादी, क्रमांक चार.

घरी सांगितलं तर बापूस हसायलाच लागला. त्याला वेटिंग माहीत ते कोकण रेल्वेचं. “चार म्हणजे काय गो? गणपतीत मुंबैवाले दोनशे वेटिंग घेऊन बसतात, तरी चतुर्थीला दारात हजर! चार्ट लागला की कन्फर्म.”

झालं. त्या दिवसापासून घरात एकच चौकशी. चार्ट लागला? शेजारची सुलूकाकी कपडे वाळत घालताना कुंपणावरून विचारायची, “लागला काय गो चार्ट?” मी मोबाईल उघडायची, पान खाली ओढायची, सोडायची. चाराचे तीन झाले. तिनाचे दोन झाले. आणि तिथे जे अडकलं ते अडकलंच.

वेटिंगवरच्या माणसाला कुणी नाही म्हटलेलं नसतं. वाईट तेच आहे. नाही म्हटलं की माणूस शिव्या घालतो, रडतो, मग जेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. वेटिंगवर माणूस गोड होतो. मी कॉलेजच्या ऑफिसात फोन करायची तेव्हा माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला सर. एकदा तिथल्या माळीकाकांनी उचलला, त्यांनापण सर म्हटलं. मैत्रिणींशी भांडण टाळायचं, कुणाला उलट बोलायचं नाही, न जाणो कुठे काय बिघडेल. ही मी नव्हे. आमच्या आळीत माझ्या तोंडाला लागायला मोठी माणसंपण विचार करतात. पण महिनाभरात मला त्यांनी मऊ भातासारखं करून टाकलं, आणि त्यासाठी त्यांना काही करावंसुद्धा लागलं नाही. फक्त थांब म्हणाले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कॉलेजातून फोन आला.

“उद्या आईला घेऊन ये. आठ वाजता. प्रवेशाचंही बोलू.”

मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. आईला घेऊन कशाला, हा प्रश्न मला पडलाच नाही. पालकांची सही लागत असेल, झालं. बापूस दारात येऊन ओरडला, “चार्ट लागला!” सुलूकाकी वाटीभर साखर घेऊन आली आणि माझ्या तोंडात चिमूट कोंबली. “अगो बाय माझे, आता तू मॅडम व्हतलंस!”

पौर्णिमा हा आमचा वर्षाचा सण. आम्ही खारवी, इकडचे मासेमार. त्या दिवशी होडीची पूजा, घरात नारळीभात, मग सगळ्यांनी बंदरावर जाऊन दर्याला नारळ द्यायचा. आई धक्क्यावर नाही अशी पौर्णिमा मला आठवत नाही. या वेळी आईच म्हणाली, “दर्या काय पळून जात नाय. पोरीची सीट जाईल.” तिने ठेवणीतली जांभळी साडी काढली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, माझे फोटो, सगळं पिशवीत घातलं. चष्मा पदराने दोनदा पुसला. सहीला लागणार म्हणून.

कॉलेजात आम्हाला ऑफिसात कुणी नेलं नाही. मागच्या एका खोलीत नेलं. दारावर कागद चिकटवलेला, ‘सागरसंस्कृती महोत्सव’. आत ते झब्ब्यातले सर आणि त्या कॉलेजची एक मुलगी. यादीत जिचं नाव वर लागलेलं, अशांपैकी. स्वभावाने चांगली होती बिचारी. तिने मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि आईला म्हणाली, “काकू, हे बघा, कोळी पद्धतीची साडी अशी नेसायची. मी शिकवते.”

आईला. मासे विकणाऱ्या बाईला मासे विकणारी बाई कशी दिसते ते मोबाईलवर बघून शिकवत होती.

आम्ही असली साडी नेसत नाही हो. तो पोशाख मुंबईकडच्या कोळ्यांचा, त्यांचा मानाचा. त्यांनाही कधी विचारा, तुमच्या गॅदरिंगमध्ये कुणीही उठून तो घालतो तेव्हा कसं वाटतं ते. माझी आई बाजारात गोल साडी नेसते, वरून जुना शर्ट घालते आणि कानावर चष्मा असतो.

“पाहुणे मुंबईहून येतायत,” सर म्हणाले. “तुम्ही मुख्य दारात टोपली घेऊन उभ्या राहा. पाहुणे आले की ओरडायचं, ‘ताजी मासळी घ्या, ताजी मासळी!’ अगदी खरं वाटलं पाहिजे.”

आई म्हणाली, “मी वरडत नाय.”

“म्हणजे?”

“तेवीस वर्षं बाजारात बसतंय. वरडायची पाळी आली नाय. ज्याला मासा कळतो तो माज्याकडं येतो.”

सर हसले. “आज एक दिवस ओरडा.” मग माझ्याकडे वळून, मिश्किलपणे, “काय गं, फॉर्मात आईचा व्यवसाय गृहिणी लिहिलायस! पण आम्ही शोधून काढलंच की नाही?”

आईने माझ्याकडे बघितलं.

मी जमिनीकडे बघितलं.

व्हय, लिहिलं होतं. वडिलांच्या रकान्यात ‘मत्स्यव्यवसाय’ लिहिलं, बोट आपल्याच मालकीची असल्यासारखं. आईच्या रकान्यात ‘गृहिणी’. सायबर कॅफेत माझ्या मागे लाईन होती, माझ्याच वर्गातली मुलं. हात तिकडेच गेला. आणि यादी लागायच्या आधी झालेल्या मुलाखतीत पकडली गेले. त्यांनी एका माशाचा फोटो दाखवला. मी पोटाच्या आकारावरून सांगितलं, ही मादी आहे, पोटात गाबोळी आहे. गाबोळी म्हणजे अंडी. “कुठे शिकलीस?” मी पटकन बोलून गेले, “आई विकते ना.” समोर बसलेल्या बाईंनी फॉर्म बघितला. “मग इथे गृहिणी का?” मुलाखत घेणारे तिघंही हसले. मीसुद्धा हसले त्यांच्याबरोबर. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता तिला कळलं. त्या खोलीत, कमरेला परकी साडी गुंडाळलेली असताना.

तिने साडीचं सुटलेलं टोक उचललं. त्या मुलीला म्हणाली, “नेसव बाय.” आणि मला, “गप ऱ्हा. तासाभराचा तर प्रश्न हाय. तुजी सीट पक्की व्हईल ना?”

सर खूश. “वा! आणि तू पण घाल गं. आई-मुलगी, फोटो छान येईल. प्रवेश समिती बघत असते, कोण किती सहकार्य करतं.”

तेव्हा ते म्हणाले, चष्मा काढा.

चष्मा माझ्या हातात. काड्यांची जुनी फ्रेम, एक काडी आईने दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याच्या गाठीत एक खवलं अडकलेलं, सुकलेलं. चष्म्याशिवाय आईला हातभर अंतरावरचा माणूसपण धुरकट दिसतो. म्हणजे ती दारात उभी राहणार. पाहुणे बघणार, फोटो काढणार, हसणार. सगळे तिला बघणार आणि तिला कुणी दिसणार नाही.

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. धीट बिट नव्हते मी. खोटं कशाला सांगू. पण मी पुढे झाले आणि चष्मा आईच्या डोळ्यांवर चढवला. एक काडी केसांत अडकली, ती सोडवली, नीट कानामागे घातली.

“चष्मा राहील,” मी म्हटलं. “साडी घ्या तुमची.”

“अगं, तुझ्याच भल्याचं सांगतोय—”

“सर, मी इथे शिकायला अर्ज केलाय. आई सही करायला आलेय. दारात उभं राहायला माणूस कमी पडत असेल तर साडी तुम्ही नेसा.”

ती व्हिडिओवाली मुलगी फिस्सकन हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“मग तुझ्या प्रवेशाचं मी काही सांगू शकत नाही.”

“आतापर्यंत तरी कुठे सांगत होता?”

महिनाभर बारीक झालेला माझा आवाज परत आला होता. मला स्वतःलाच ओळखीचा वाटला.

आईने साडी सोडली आणि घडी घालून दिली. साडी कुणाची का असेना, ती चुरगळून टाकायची नाही हा तिचा नियम. मग टोपलीतून एक थर्माकोलचा मासा उचलला, चष्म्यातून नीट निरखला.

“ह्यो काय हाय?”

“पापलेट, काकू,” ती मुलगी म्हणाली.

“पापलेटाला एवढी खवलं नसतात. पोरांना खोटं शिकवू नका.”

आणि आम्ही निघालो. मुख्य दारातूनच. दारात रांगोळी घातलेली, ती आम्ही ओलांडली.

सड्यावरच्या एसटीच्या थांब्यावर बराच वेळ बसलो. आई दाखल्यांची पिशवी मांडीवर धरून रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं सीट गेल्याचं दुःख करतेय. शेवटी मीच म्हटलं, “आये, चुकलं काय गो माझं?”

ती समोर बघत म्हणाली, “तू फॉर्मात मला घरात बसवलंस. ते मला दारात उभी करत व्हते. मी बसतंय बाजारात. ता मात्र कुणालाच नको.”

सरांनी केलेला अपमान मी परत तोंडावर मारून आले होते. हा कुठे मारू? हा माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात लिहिलेला. सरांना निदान माझी आई माणूस म्हणून कोण ते माहीत तरी नव्हतं. मला माहीत होतं आणि मी तिला लपवली. मी तिथे थांब्यावर हमसून हमसून रडले. आई म्हणाली, “रडतंस कशाला? कोण मेलाय?” आणि पदर दिला डोळे पुसायला.

बंदरावर पोचलो तेव्हा सगळ्यांचे नारळ देऊन झाले होते. बापूस धावत आला. “कन्फर्म?”

आई म्हणाली, “तिकीट फाडून आलो.”

त्याला काही कळलं नाही. तिने टपरीवरून एक नारळ घेतला, धक्क्याच्या टोकाला एकटी गेली आणि दर्याला दिला. संध्याकाळी सुलूकाकीला सगळं कळलं तेव्हा ती कुंपणाला धरून ओरडली, “शिरा पडो त्यांच्या तोंडावर!” तिचं ते ऐकून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तीन दिवसांनी मोबाईलवर आलं, प्रवेशप्रक्रिया पूर्ण. माझ्यासमोर तोच आकडा, दोन. मी साडी नेसले नाही म्हणून, की तसंही मिळणारच नव्हतं, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. वेटिंगवाल्याला कारण सांगायची पद्धत नाही.

लोक म्हणाले, जे होतं ते बऱ्यासाठी. काय बरं झालं? माझं वर्ष गेलं. मी गावातल्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं, आणि लेक्चर संपलं की बाजारात आईच्या शेजारी बसते. वही घेऊन. आज कुठला मासा आला, किती खोलावरून, कुठल्याच्या पोटात गाबोळी, कुठला यायचा बंद झाला. आई सांगते, मी लिहिते. मागच्या अर्जाला मी इंटरनेटवरून उचललेला प्रवाळांचा प्रकल्प जोडला होता. प्रवाळ मी जन्मात बघितलेलं नाही. या वेळी ही वही जोडलेय.

हो, या वर्षी परत अर्ज केलाय. त्याच कॉलेजात. मैत्रिणी म्हणतात, लाज नाही का गो तुला? लाज मला ज्याची वाटायला हवी त्याची वाटून झाली. ते कॉलेज त्या सरांच्या बापसाचं नाही. तिथे जे शिकवतात ते माझ्या आईच्या टोपलीतूनच सुरू होतं, आणि ते शिकायचा हक्क मी एका झब्ब्याच्या धाकाने सोडणार नाही.

सायबर कॅफेत परवा फॉर्म भरला. मागे लाईन होती. आईच्या व्यवसायाचा रकाना आला. मी लिहिलं, ‘मासे विकते’, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचलं. आई शेजारीच उभी होती. तिने वाकून, चष्मा सारखा करून, स्क्रीनवरची अक्षरं एकेक करून तपासली.

“आता सही करतंय,” ती म्हणाली.

परत वेटिंगला टाकलं तर टाकू देत. पुढच्या वर्षी परत भरीन, त्याच्या पुढच्या वर्षीपण. पण सर म्हणून गोड बोलणार नाही. आणि ज्या दिवशी मी त्या दारातून आत जाईन, त्या दिवशी आई माझ्याबरोबर बाजारातून उठून तशीच येईल. गोल साडीत, शर्ट घालून, हाताला खवलं असतील तर खवलं घेऊन. चष्मा लावून येईल. समोर कोण कोण उभं आहे ते तिला एकदा नीट बघायचंय.