शेरा: प्रयत्न अपुरे

"तुम्ही आळशी नाही आहात. तुम्हाला मॅकआर्डल डिसीज आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मला पहिलंच वाक्य नीट ऐकू आलं. दुसरं त्यांना परत म्हणायला लावलं आणि कागदावर लिहून घेतलं. निदान ऐकताना डोळ्यांपुढे अंधार येतो, असं मी अशा लेखांत वाचलं होतं. मला आनंद झाला, आणि तो काही सात्त्विक आनंद नव्हता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात नावांची यादी तयार व्हायला लागली होती.

आधी आजार सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कुणाला असेल तर उपयोग होईल. आपल्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. एकदम जोर लावायची वेळ आली की शरीर ती फोडून वापरतं. माझ्याकडे साखर आहे, पण ती फोडायला लागणारं एन्झाइम जन्मापासून नाही. कोठी भरलेली आणि किल्ली नाही, असा प्रकार. त्यामुळे जिना चढताना किंवा बसमागे धावताना पहिल्या काही मिनिटांतच पाय दगडासारखे होतात. वेग कमी केला तर आठ-दहा मिनिटांनी शरीर रक्तातून दुसरं इंधन मिळवतं आणि चालणं अचानक सोपं होतं. याला सेकंड विंड म्हणतात. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल.

आता यादी. शाळेतले पीटीचे सर तिच्यात होतेच. मैदानाच्या पहिल्या फेरीत मी बसलो की ते "आले नाटककार" म्हणायचे आणि सगळा वर्ग हसायचा. ते आता हयात नाहीत, हे त्यांचं नशीब. यादीत सगळ्यात वर मात्र अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील.

अण्णा टेलिफोन खात्यात खांबावर चढणारे लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. लोक फोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबायचे तेव्हा अण्णांचा वट होता. पुढे हाताहातांत मोबाइल आले आणि मी आयटीत लागलो. आमचं कुटुंब बौद्ध. दांडेकर पुलाजवळच्या दोन खोल्यांतून मांजरी उपनगरातल्या फ्लॅटपर्यंत आम्ही आलो ते अण्णांच्या मेहनतीवर, हे मी नाकारत नाही. "लोक आपल्याला आळशी म्हणायला टपलेलेच असतात, त्यांना ती संधी द्यायची नाही," असं ते सांगायचे. लोकांना संधी मिळू नये म्हणून मग ते स्वतःच मला आळशी म्हणायचे. रोज, न चुकता.

त्यांची दुसरी सवय म्हणजे पोच. कुठेही कागद दिला की आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय ते जागचे हलत नसत. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या तक्रारीचं पत्र दिलं तरी पोच. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं समजायचं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

आमच्या खराडीच्या कंपनीत एका वर्षी तब्येतीची लाट आली. ज्यांना हवी त्यांना एका स्पोर्ट्स लॅबमध्ये सीपेट करून मिळणार होती. सीपेट म्हणजे कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट. तोंडाला मास्क लावून सायकल चालवायची, भार वाढत जातो, आणि मधून मधून कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेतात. त्यात लॅक्टेट मोजतात. जोराचं काम करताना स्नायू साखर फोडतात तेव्हा ते तयार होतं. ज्या टप्प्यावर ते भराभर वाढायला लागतं तो लॅक्टेट थ्रेशोल्ड. ज्या टप्प्यावर श्वास एकदम जोरात सुरू होतो तो व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड, म्हणजे श्वासाचा उंबरठा. बहुतेकांत हे दोन्ही जवळपास येतात.

मी पाचव्या मिनिटाला थांबलो. मांड्या आखडल्या होत्या, छातीचा भाता झाला होता.

लॅबचे डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "लॅक्टेट हललंच नाहीये. म्हणजे तुम्ही जोर लावलाच नाहीत."

"पण दम किती लागला बघा ना."

"दम काय, कुणीही आणू शकतं."

या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. वकील मित्राने तसा सल्ला दिला म्हणून. दया आली म्हणून नाही. रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, 'इनॲडिक्वेट एफर्ट'. म्हणजे प्रयत्न अपुरे.

घरी अण्णांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "आता मशीनही तेच सांगतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. समाधान होतं, आणि ते मी विसरलेलो नाही.

रविवारी त्यांनी मला पर्वतीवर नेलं. दांडेकर पुलाजवळ राहायचो तेव्हापासूनचा त्यांचा हा व्यायाम. देवळात ते कधी गेले नाहीत, शेवटच्या पायरीला हात लावून परत फिरायचे. त्या दिवशी म्हणाले, "आज मध्ये थांबायचं नाही." मीही चिडलेलो होतो. ते मागून "चल, चल" म्हणत राहिले आणि मी एकदाही न थांबता वर गेलो. वर पोचल्यावर मला पाय सरळ करता येईनात. अण्णा म्हणाले, "बघ, जमतं की."

दुपारी लघवीला कोऱ्या चहाचा रंग आला.

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. श्रमानंतर लघवी काळपट झाली तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मला रॅब्डोमायोलिसिस झालं होतं. म्हणजे स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबवतो. सीके नावाची तपासणी स्नायूंची मोडतोड सांगते. माझा आकडा बघून रेसिडेंट डॉक्टरने रक्त पुन्हा मागवलं, त्याला मशीन बिघडल्यासारखं वाटलं.

सहा दिवस सलाईन. रोज सकाळी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करताहेत त्याचा आकडा. तिसऱ्या दिवशी डॉक्टर डायलिसिसची तयारी ठेवा असं सांगून गेले. माझी बायको प्रज्ञा त्या संमतीच्या कागदासमोर पेन हातात धरून बसली होती. अण्णा बाहेरच्या बाकावर बसून भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, "जरा अशक्तपणा आहे." चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला.

डॉक्टर मॅडम तेव्हाच आल्या. त्या स्नायूंच्या आजारांच्या. त्यांनी जुने सगळे कागद मागितले, आणि प्रज्ञाने फाइलमधून लॅबचा तो रिपोर्टही दिला. मॅडमनी आलेखावर बोट ठेवलं. "नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर. श्वासाचा उंबरठा ओलांडलाय. आणि लॅक्टेट सपाट. या माणसाने जोर लावला नाही असं कोण म्हणालं?"

अण्णा दाराशी उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली. तिचा निकाल यायला सहा आठवडे लागले, आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य मी ऐकलं. डॉक्टर मॅडमचे उपकार मी कुठल्याही भाषेत फेडू शकत नाही. पण घरी आल्यावर मी आधी आभाराचं पत्र लिहिलं नाही. अर्ज लिहिला, दोन प्रतींत.

लॅबच्या रिसेप्शनवर बाई म्हणाल्या, "अपॉइंटमेंट आहे का आपली?"

"नाही. आपल्या डॉक्टरांची माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी अर्ज वाचला, जनुकीय रिपोर्ट वाचला, मग पाण्याचा ग्लास उचलला. "हे बघा, तेव्हा जी माहिती उपलब्ध होती..."

"माहिती तुमच्याच कागदावर होती. नाडी वाचली नाहीत, श्वास वाचला नाहीत."

"असे पेशंट आम्हाला पुस्तकातच दिसतात हो."

"मी पुस्तकातूनच चालत आलोय. हळू चालतो, म्हणून उशीर झाला."

त्यांनी शेरा खोडला आणि शेजारी नवा लिहिला. मी दुसरी प्रत पुढे केली, पोच मागितली. यासाठी शिक्का नसतो म्हणाले. मी म्हणालो, थांबतो. बाहेर मॅरेथॉनवाल्या मंडळींमध्ये पाऊण तास बसलो. शेवटी शिक्का सापडला. निघताना मी त्यांना सांगितलं, असा शेरा दिलेले जुने रिपोर्ट काढून परत वाचा. त्यांनी मान हलवली. त्या मानेची पोच मात्र घेता आली नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

अण्णांसाठी वेगळं पत्र केलं होतं, रीतसर टाइप करून. विषय: 'आळशी' हा शेरा रद्द करणेबाबत. आत आजाराची माहिती, पर्वतीची तारीख, क्रिएटिनिनचे आकडे. शेवटचं वाक्य मी फार मन लावून लिहिलं होतं. या आजारात दोषी जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, सबब सदर दोषाचा अर्धा भाग आपल्याकडून प्राप्त झाला आहे.

संध्याकाळच्या चहाला ते त्यांच्या हातात दिलं. बोलायची सगळी वाक्यं तयार होती. अण्णांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "दुसरी प्रत?"

मी दिली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि खात्यातल्या त्या गोल अक्षरात लिहिलं: 'मिळाले. शेरा मागे घेतला.' खाली सही, तारीख. सही करताना त्यांनी प्रत गुडघ्यावर दाबून धरली होती. माझी तयार वाक्यं तशीच राहिली.

ती पोच मी हॉस्पिटलच्या फाइलमध्ये लावली आहे. तुमच्या कागदावर कुणी 'प्रयत्न अपुरे' लिहिलं असेल तर नाडी आणि श्वास काय सांगत होते ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आता रविवारी आम्ही मांजरीच्या सपाट रस्त्यावर चालतो. पहिली दहा मिनिटं मला अगदी हळू चालावं लागतं. अण्णा घड्याळ बघत शेजारून येतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, "थांबू या का रे?"

कधी कधी गरज नसते. तरीही मी थांबतो, आणि त्यांना उभं ठेवतो.