शुभ सकाळचा ग्राफ

आमच्या बोरिवलीच्या घराची गॅलरी जेमतेम एका खुर्चीची आहे. त्या खुर्चीवर माझे बाबा बसायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनपासून कुरिअरपर्यंत मिळेल ते काम केलं, आणि सगळं उरकल्यावर त्यांच्या वाट्याला हक्काचं म्हणून जे आलं ते म्हणजे ही खुर्ची आणि समोरचा डोंगर. आई गेल्यानंतर तर त्यांचा चहा, पेपर, दाढी सगळं तिथेच व्हायचं. खालून जाणारा प्रत्येक माणूस त्यांना हात करून जायचा.

मग आमची बिल्डिंग आणि डोंगर यांच्या मधल्या प्लॉटवर काँक्रीट बनवणारा प्लांट आला. उपनगरात जिकडे तिकडे टॉवर उठतायत, त्यांना काँक्रीट कुठून तरी लागणारच. पहिल्या आठवड्यातच तुळशीची पानं राखाडी झाली. बाबांची छाती गिरणीतल्या कापसाच्या धुळीने आधीच पोखरलेली. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर धूळ जास्त असेल तेव्हा खिडकी बंद ठेवायची आणि ह्यांना आत बसवायचं.

धूळ जास्त आहे की कमी, हे कोण ठरवणार? बाबा म्हणायचे कमी आहे, मी म्हणायचे जास्त आहे. रोजची कटकट. शेवटी मी हवेतली धूळ मोजणारा एक सेन्सर मागवला आणि गॅलरीच्या ग्रिलला टांगला. मी मालाडच्या एका कंपनीत सर्व्हरवर नजर ठेवण्याचं काम करते, त्यामुळे पुढचं मला येत होतं. सेन्सरचे आकडे घरच्या जुन्या लॅपटॉपवर जमा व्हायचे आणि त्यांचा ग्राफ मी ऑफिसात वापरते त्याच टूलने काढायचे.

हे टूल म्हणजे दिसायला काही नाही. बटणं नाहीत, माऊसचं काम नाही. काळ्या पडद्यावर एक लांबलचक कमांड लिहायची: कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, रुंदी किती, उंची किती, रेघ किती जाड. रंगसुद्धा नावाने नाही, सहा अक्षर-आकड्यांच्या कोडने सांगायचा. उभ्या पट्टीवर सगळ्यात वरचा आकडा कुठला, तेही आपणच ठरवू शकतो. एन्टर मारलं की ग्राफ तयार. फिकट गुलाबी रेघांची जाळी, पट्ट्यांच्या टोकाला लालसर बाण आणि भोवती फोटोफ्रेमसारखी उठावाची करडी चौकट. काही सांगितलं नाही तर ते टूल ग्राफ असाच काढतं. मी इतकी वर्षं ते वापरतेय की हजार ग्राफांतून मी तो ओळखेन.

मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एक आडवी रेघ आखली. धूळ त्या रेघेच्या वर गेली की ग्राफ लाल, खाली असली की निळा. लाल असेल तर खिडकी बंद. बाबा रोज सकाळी दाढीचा ब्रश हातात घेऊन विचारायचे, "गो, आज खिडकी उघडूची काय?" आणि मी मोबाईल बघून बहुतेक वेळा नाही म्हणायचे. ते आत येऊन सोफ्यावर बसायचे, भिंतीकडे तोंड करून. गिरणीत त्यांना कोणी ग्राफ दाखवला नाही, खोकला आला की समजायचं, असं ते एकदा म्हणाले होते. मला तेव्हा वाटलं, चला, निदान आता कोणीतरी दाखवतंय.

एकट्याने बोंबलून प्लांट हलत नसतो. म्हणून मी तो ग्राफ रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला लागले. लोकांनी बघावं, चिडावं, सगळ्यांनी मिळून तक्रार करावी, एवढाच हेतू. लोकांनी पाहिलं. पहिली प्रतिक्रिया आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची, की अक्षरं बारीक आहेत. मग कोणाला रेघ जाड हवी होती, कोणाला मागचा पांढरा रंग डोळ्यांना टोचत होता. धूळ डोळ्यांना टोचते असं एकानेही लिहिलं नाही.

सगळ्यात उत्साही आमचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट प्रेझेंटेबल पाहिजे. त्यांनी सांगितलं, ग्राफला मराठीत शीर्षक हवं. टाकलं, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, कारण लॅपटॉपवर टूलला समजेल असा मराठी फॉन्टच नव्हता. एक अख्खा रविवार फॉन्ट शोधण्यात आणि 'श्र' नीट जुळवण्यात गेला. ते झालं तर म्हणाले, वर 'शुभ सकाळ' लिही, म्हणजे लोक आपुलकीने उघडतील. तेही लिहिलं. मला वाटलं, उघडू देत तर खरं.

मग एक दिवस ते लिफ्टपाशी थांबवून म्हणाले, "लाल काढून टाक ना तेवढा. आपण रिडेव्हलपमेंटला जातोय. बिल्डरची माणसं ग्रुपवर आहेत. रोज सकाळी उठून रक्त सांडल्यासारखं दिसतं ते."

मी म्हटलं, लाल आहे म्हणून लाल दिसतं. ते हसले. आकडे कुठे बदलायला सांगतोय, फक्त रंग, म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तक्रारीवर सोसायटीचा शिक्का त्यांच्याच हातातला होता. मी ग्रुपसाठी हिरव्या रंगाचा वेगळा ग्राफ काढायला लागले आणि लाल रंगाचा खरा ग्राफ तक्रारीसाठी जपून ठेवला. ऑफिसात मी दुसरं काय करते म्हणा. गिऱ्हाईकाला पाठवायच्या रिपोर्टमध्ये वरचा आकडा मुद्दाम मोठा ठेवायचा, म्हणजे चढउतार बसके दिसतात आणि फोन येत नाहीत. ह्या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

तक्रार गेली. काही महिन्यांनी सुनावणीचं बोलावणं आलं. बाबांना मी सांगितलं की आता बघा, निदान दिवसा तरी प्लांट बंद ठेवतील. त्या दिवशी त्यांनी गॅलरीतली खुर्ची ओल्या फडक्याने पुसून ठेवली. मी निघताना पाहिलं ते.

लाल ग्राफांचे मोठे रंगीत प्रिंट मी आदल्या दिवशीच सेक्रेटरींकडे दिले होते, फाईल त्यांनी लावायची होती. सरकारी ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला प्लांटचे सल्लागार, मधोमध साहेब. साहेबांनी आमची फाईल उघडली. पहिल्याच पानावर हिरवा ग्राफ होता आणि वर ठळक अक्षरांत 'शुभ सकाळ'.

मी सेक्रेटरींकडे बघितलं. ते हळूच म्हणाले की लाल फार भडक वाटत होता, साहेबांवर इम्प्रेशन वाईट पडलं असतं, म्हणून त्यांनी ग्रुपवरचे डाऊनलोड करून लावले. सोसायटीच्या लेटरहेडवर, एकेका पानावर एकेक शुभ सकाळ. साहेबांनी पान उलटलं, पुन्हा शुभ सकाळ. ते मोठ्याने हसले नाहीत, एवढीच काय ती मेहेरबानी. आमच्या घरातला श्वासाचा प्रश्न ह्या माणसाने फुलाफुलांच्या मेसेजमध्ये गुंडाळून सरकारला दिला होता. माझ्या बापाचा खोकला त्यांना भडक वाटला होता.

मग सल्लागारांनी त्यांचा ग्राफ पुढे सरकवला. प्लांटच्या गेटवर त्यांनी स्वतःच बसवलेल्या सेन्सरचा. मी तो बघितला आणि जवळ ओढला. फिकट गुलाबी जाळी, लालसर बाण, उठावाची करडी चौकट. तेच टूल. रंगही आमच्यासारखाच हिरवा. फक्त उभ्या पट्टीचा वरचा आकडा त्यांनी हजार लावला होता, त्यामुळे रेघ तळाशी मांजरासारखी पसरून पडली होती. वर सगळं पांढरं, स्वच्छ. मी ऑफिसात करते अगदी तसंच, आणि तेही माझ्यापेक्षा नीट.

मी साहेबांना सांगितलं की ह्यात पट्टी ताणलेली आहे. त्यांच्याकडचेच आकडे वाचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत, फक्त दिसत नाहीत. पट्टी, जाळी, वरचा आकडा, मी सगळं समजावलं. माझा आवाज चढला असणार, कारण सेक्रेटरींनी माझ्या कोपराला हात लावला.

साहेबांनी शांतपणे दोन्ही कागद शेजारी ठेवले. "मॅडम, म्हणजे आकडे खोटे नाहीत?"

"नाहीत."

"तुमचा ग्राफ हिरवा, त्यांचा हिरवा. तुम्ही स्वतः वर शुभ सकाळ लिहिलंय. मग मी काय समजायचं?"

लाल प्रिंट सेक्रेटरींच्या घरी कपाटावर पडले होते. ते नंतर सादर करू द्या, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, करा की. पण निकाल त्यांनी तिथेच सांगून टाकला: प्लांटने दिवसातून दोनदा पाणी मारावं आणि भोवती जाळी लावावी. जाळीही हिरवीच लागली. लाल प्रिंट मी नंतर पोचवले, त्यावर आवक शिक्का बसला आणि आजतागायत कोणी ब्र काढलेला नाही. सेक्रेटरींनी ग्रुपवर 'यशस्वी पाठपुरावा' असं टाकलं, त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. मी ग्रुप सोडला. त्या माणसाशी मी अजूनही बोलत नाही आणि बोलणारही नाही.

घरी आले तेव्हा बाबा सोफ्यावर बसले होते. दार उघडल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. चिडून, रडून, हातवारे करून सांगितलं. प्लांटचा ग्राफ कसा होता तेही मोबाईलवर दाखवलं, मी त्याचा फोटो काढून आणला होता. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. बोटाने ती तळाची हिरवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"आकडे तेच आसत मा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग आमचो पण असोच काढ. हिरवो. वर हजार लाव."

मला वाटलं ते टोमणा मारतायत. मी म्हटलं, "बाबा, त्याने हवा बदलणार आहे का?"

"हवा नाय बदलाची, ता माका म्हायत आसा." त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "पण माका भायर बसाक मिळात."

मी खूप वाद घातला. डॉक्टर, छाती, नेब्युलायझर, सगळं काढलं. ते ऐकत राहिले. गिरणीत साहेब होता, आता तू झालीस, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ते ऐकू आलं. सोफ्यावरून उठून ते खिडकीपाशी गेले आणि बंद काचेला नाक लावून उभे राहिले.

मी लॅपटॉप उघडला. कमांडमधली आडवी रेघ काढून टाकली. लाल रंगाचा कोड खोडला, हिरव्याचा लिहिला. वरचा आकडा हजार केला आणि एन्टर मारलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बघून मान हलवली आणि स्वतःच्या हाताने खिडकीची कडी काढली.

आता रोज सकाळी मी तो ग्राफ काढते आणि फक्त बाबांना पाठवते. ते खुर्ची पुसतात, बसतात, खालच्या माणसांना हात करतात. हिरव्या जाळीच्या वर डोंगराचा माथा तेवढा दिसतो. मधेच खोकल्याची उबळ येते, मग चहाचा कप खाली ठेवून ते ग्रिल धरून वाकतात. मी आत ओट्यापाशी उभी असते. उबळ ओसरली की ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, आज बरी आहे हवा.