मधल्या सीटवर वीस मिनिटं

"मॅडम, तुम्हीच सांगा आमच्या बाबांना, सेडानचा जमाना गेला म्हणून," निखिल परब मला म्हणाला. बाबांनी तिथल्या तिथे झापलं, "गप रे! उंच गाडी म्हणजे आरामाची गाडी, हे कोणी सांगितलं तुला?"

अंधेरीच्या आमच्या शोरूममध्ये सेडान आणि एसयूव्ही शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि मुलुंडचं हे कुटुंब तिसऱ्यांदा आलं होतं. परबकाका एका कंपनीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर साहेबांची सेडान चालवली, आता स्वतःचीही सेडानच हवी. मुलाला एसयूव्ही हवी. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्याही एसयूव्हीच्या बाजूच्या. सून मेघा आठ वर्षांच्या लेकीचा हात धरून मागे उभी.

आमचे सेल्स मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीन मतं एसयूव्हीला पडतील. बुकिंग घे ना, यार."

"सर, आज घेतलं तर उद्या घरी भांडून कॅन्सल करतील. मला अर्धा तास द्या."

पंधरा वर्षं गाड्या विकतेय. एवढं तर कळतंच.

मी सरळ सांगितलं. एसयूव्हीची सीट उंच, त्यामुळे गुडघे न वाकवता आत शिरता येतं. डोक्यावर जागाही भरपूर. पण बसायचं जरा ताठ, खुर्चीत बसल्यासारखं. सेडानमध्ये वाकून शिरावं लागतं, पण पाय लांब करता येतात, मांडीला खालून आधार मिळतो, पाठ रेलते. लांबच्या प्रवासात मांडीचा आधार फार महत्त्वाचा. आणि दोन मिनिटं बसून काही कळत नाही. मऊ सीट सुरुवातीला सगळ्यांनाच झकास वाटते.

"आमचा प्रवास लांबचाच," काका म्हणाले. "कणकवली. बारा तास धरा. सूनबाईंना मात्र दोन वर्षं सुट्टीच मिळत नाही. गावच नकोय तिला, दुसरं काय!"

मेघाने मान खाली घातली. निखिलने मोबाईल काढला. मला त्या बापलेकांचा, दोघांचाही राग आला, खरं सांगते.

"गावाला जाताना कोण कुठे बसतं?" मी विचारलं.

घरची जुनी छोटी गाडी निखिल चालवतो, काका पुढे. मागे एका खिडकीशी काकू, त्यांना वारा लागतो. दुसऱ्या खिडकीशी नात, तिला उलटी होते.

"आणि मधे?"

"मधे काय, मेघा," निखिल म्हणाला. हे काय विचारणं झालं, असा सूर.

मी मेघाकडे पाहिलं. तिचा एक हात कमरेवर होता. शोरूममध्ये आल्यापासून तिथेच होता, आणि ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"काकू, आज मधे तुम्ही बसा. वीस मिनिटं. गाडी तुम्ही घेणार, तर सगळ्या सीट बघून घ्या."

एसयूव्हीत सगळ्यांना बसवलं, दारं लावली, एसी चालू केला. मधल्या सीटची गंमत सांगते. तिच्या पाठीत घडीचा आर्मरेस्ट असतो, म्हणून ती टणक. पायाशी जमिनीला उंचवटा. समोर एसीचा खोका, गुडघे त्यालाच टेकतात.

पाच मिनिटांत काकूंच्या गप्पा बंद झाल्या. दहाव्या मिनिटाला त्या कूस बदलायला बघत होत्या, पण बदलणार कुठे? मग त्या सुनेकडे वळल्या आणि थेट मालवणीत घसरल्या.

"इतकी वर्सां तू हंय बसतंस? नि माका कधी बोललंस नाय?"

मेघाचे डोळे भरले. "काय बोलणार, आई? मागच्या वेळी चार दिवस पाठ धरली होती. गाव मला आवडतं हो. जाववत नाही, एवढंच."

निखिलने आरशात बघायचंही टाळलं.

काका खाली उतरले. "सेडानमध्ये असं नसेल," ते पुटपुटले.

"मग बसा ना!" काकू कडाडल्या. "तुम्ही मधे बसा!"

तो माणूस जन्मभर स्टिअरिंगच्या मागे नाहीतर पुढच्या सीटवर. मागे मधे पहिल्यांदाच बसला. सेडानचा उंचवटा तर आणखी मोठा, दोन्ही गुडघे छातीशी आले. सात मिनिटं टिकले. बाहेर आले तेव्हा साहेबांची गाडी वगैरे सगळं विसरले होते.

"मॅडम, जिच्यात मधे कोणीच बसत नाही अशी गाडी आहे का हो?"

"आहे ना. सहा सीटची. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, मागे आणखी दोन. मागच्या जरा बुटक्या आहेत, पण तिथेही खिडकी आहे, नात आरामात मावेल. नातीने मधल्या रांगेचा हट्ट धरला नाही, तर तिथली एक खिडकी मेघाची."

"हट्टबिट्ट नाही. खिडकी मेघाचीच," काका म्हणाले. "फॉर्म आणा."

निखिल सह्या करत होता तेव्हा मेघा पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलली. "मेच्या आधी मिळेल ना गाडी? मला ऑफिसात रजा टाकायचीय."

मॅनेजरांनी टाळी दिली, वर "मी म्हटलंच होतं" हेही ऐकवलं. ऐकवू देत. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पेट्रोल की डिझेल नंतर विचारते, मधे कोण बसतं ते आधी. "आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही," असं जो पटकन सांगतो, तो तिथे कधीच बसलेला नसतो.