दोन लंबूंच्या बदल्यात

आमच्या बेलवलीच्या बास्केटबॉल टीममध्ये बास्केटखाली उभं राहून अडवणारा उंच माणूसच नव्हता. दर रविवारी हरून हरून माझं डोकं फिरलं होतं. शेवटी शेजारच्या शहरातल्या कॅम्प चार वस्तीच्या टीमला मीच म्हटलं, तुमचे दोन लंबू आम्हाला द्या, लांबून बास्केट मारणारा आमचा नेमबाज घ्या. दाल-पकवान खाता खाता सौदा पक्का झाला. नेमबाज म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो हसून म्हणाला, "जातो की, त्यात काय!"

आता आम्ही जिंकतो. पण मैदानावर जाताना माझ्या स्कूटरची मागची सीट रिकामी असते. परवा कॅम्प चारशीच मॅच होती. माझ्या दोस्तानं लांबून बॉल टाकला, आमचे दोन्ही लंबू उडाले, तरी बॉल जाळीत गेला. टाळी द्यायला माझा हात वर गेला, तेव्हा तो त्याच्या टीमकडे धावत होता.