मामीचा हात पुरायचा तिथवर

बहात्तरचा दुष्काळ. नगरकडे आत्ता जाऊ नकोस, असं घरात सगळे सांगत होते. पण भिंगारच्या मामाची नजर काचबिंदूने जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर मामाची पलटण जपानात होती. तिथून त्याने लाकडी ठशांनी छापलेलं एक चित्र आणलं होतं: तळं, पूल, मागे डोंगर, वरून पाऊस. मला आठवतं तेव्हापासून ते फिकटच. मुंबईत एका दुकानात मला त्याच चित्राची नवीकोरी प्रत मिळाली. डोळे जाण्याआधी मामाला ते मूळ रंगांत दाखवायचं, एवढ्यासाठी निघाले.

पुण्याहून सकाळची एसटी धरली, तिकीट पाच रुपयांच्या आत. शिरूरला घोडनदी कोरडी ठणठणीत. सुप्याच्या पुढे रस्त्याकडेला बायका खडी फोडत होत्या. नगरच्या खानावळीत मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी मिळाली, ती घशाखाली उतरेना. (आज जाल तर झकास जेवाल, घाबरू नका.) पुढे भिंगारपर्यंत टांगा. घोड्याच्या बरगड्या बघून बसायची लाज वाटली.

मामाने नवं चित्र खिडकीशी नेऊन अगदी नाकाला लावलं.

"झ्याक हाय. पर ह्ये आपलं न्हाई."

"मामा, तेच आहे. छापलं तेव्हा असंच होतं."

"आसंल."

त्याने मला भिंतीवरच्या जुन्या चित्रापाशी नेलं. जवळून पाहिलं तर वरचा डोंगर अजून गडद निळा, खाली तळं, पूल सगळं पांढुरकं. दोन वर्षांपूर्वी वारलेली मामी दर दिवाळीला देवांच्या तसबिरींबरोबर हेही ओल्या फडक्याने पुसायची. तसबिरींना काच होती, याला नव्हती.

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"फडकं निळं व्हायचं. मळ निगतोय म्हनायची. लई हौसंनं पुसायची, मग गप ऱ्हायलो." डोंगराच्या पायथ्याशी त्याने बोट ठेवलं. "हितवर हात पुरायचा तिचा. बुटकी हुती. आता दिसतंय तवर ह्येच बघू दे मला."

मला त्याचा रागही आला आणि रडूही. नवं चित्र गुंडाळून परतीची गाडी धरली.

मामाची नजर त्याच वर्षी गेली. पुढे तोही गेला आणि भिंतीवरचं चित्र कुणी नेलं कळलं नाही. माझं मात्र पुण्यात आहे, काचेत, उन्हापासून लांब. आता डोळे मिटून मामाचं चित्र आठवायला गेलं, की हेच निळंशार तळं समोर येतं. मामीने पुसलेलं काही केल्या दिसत नाही.