ओटीत घातलेल्या मुली

गणपती जवळ आले, की रोह्याच्या पोलीस ठाण्यातली ती दुपार आजही माझ्यापुढे येऊन उभी राहते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी तिच्यातून सुटका झालेली नाही.

शेजारच्या अष्टमी गावचा एक माणूस कंपनीतली शिफ्ट अर्धी टाकून ठाण्यात आला होता. भाऊ आणि भावजय अपघातात गेल्यापासून त्यांच्या दोन मुली त्याच्याकडे राहत होत्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. सकाळपासून दोघी घरात नव्हत्या.

"हमरापूरच्या मावशीनंच नेल्यात साहेब. दुसरं कोन?"

मी अपहरणाचा गुन्हा दाखल केला. अल्पवयीन मुलं म्हटल्यावर आधी गुन्हा, मग चौकशी, अशी माझी तेव्हाची शिस्त. पेण ठाण्याला फोन केला. मावशीच्या घराला कुलूप, असं उत्तर आलं. म्हणजे फरार, असं आम्ही धरून चाललो.

संध्याकाळी पेणच्या पुढे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर स्टँडवर भेटला. तो हसायलाच लागला.

"फरार कसली? हमरापूर फाट्यावर मीच उतरवल्या तिघींना. नखांत गुलाबी रंग होता बाईच्या. गनपतीच्या तोंडावर हमरापुरात घरात कोन सापडतो साहेब? मूर्तींच्या कारखान्यात बघा."

ती कारखान्यातच होती. बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग, थोरलीच्या हातात रंगाची वाटी, धाकटी पोत्यावर झोपलेली. आम्हाला पाहून मावशी उठली नाही.

"हा डोळा पुरा करू द्या. अर्धा डोळा सोडून उठत नाय आमी."

मी थांबलो. मग तिला आणि मुलींना रोह्याला आणलं. मुलींचे काका ठाण्यात बसलेलेच होते.

"मुली पळवल्यास का?" मी विचारलं.

"पळवल्या नाय. माझ्याच हायत. बहिणीनं गनपतीपुढं माझ्या ओटीत घातल्यात."

त्यांच्यातला हा रिवाज. घरच्या गणपतीसमोर नारळ फोडायचा आणि मूल दुसरीच्या मांडीवर ठेवायचं: माझ्यामागे हे तुझं. चार माणसांदेखत दिलेला शब्द. कागद करणं म्हणजे त्या माणसांवर अविश्वास.

"साक्षीदार कोण?"

"ह्यांनाच इचारा. नारळ कोनी फोडला?"

काकांनी मान खाली घातली.

"मीच फोडला," ते म्हणाले. "पन तवा मरनार कोन होता साहेब? सगळे हसत होते. भाऊ मला म्हनाला, नीट फोड, खोबरं वाया नको घालवू. आता थोरली हसली ना, की तोच हसल्यासारखा वाटतो. घरातला तो आवाज मी कसा देऊन टाकू?"

"आनि मला बहिणीचे हात दिसत्यात हिच्यात, त्याचं काय?"

"एकदा सांगायचं तरी होतंस गो!"

"फोन केला की तुमची बायको ठेवून देते. काय गनपतीला सांगू?"

मी कलम पुन्हा वाचलं. अपहरण म्हणजे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणं. काकांकडे न्यायालयाचा आदेश नव्हता. मावशीकडे फक्त शब्द होता. आईवडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमून ठेवला नव्हता. दोन घरं ज्यांच्यासाठी भांडत होती, त्या मुली कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच नव्हत्या.

पण गुन्हा नोंदवून झाला होता. मुलींना अलिबागला बालकल्याण समितीपुढे हजर करणं भाग होतं. वाद आहे म्हटल्यावर समितीने न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत त्यांना बालगृहात पाठवलं. लेखणी उचलण्याआधी त्या दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर? हा प्रश्न मी आजवर कोणाकडे काढला नव्हता.

जीपमध्ये थोरलीने विचारलं, "तिथं गनपती असतो?"

"असतो," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

त्या गणपतीत काका आणि मावशी, दोघंही वेगवेगळे डबे घेऊन बालगृहाच्या दाराशी गेले. परतताना एकाच गाडीत, एकाच बाकावर बसून आले, असं मला नंतर कळलं. पुढे न्यायालयात काकांनीच संमती दिली. मावशी पालक झाली. दिवाळी काकांकडे ठरली.

आमच्या घरात "आपल्यामागे मुलं कोणाकडे, तुझा भाऊ की माझी बहीण" हा विषय बायको आणि मी वर्षानुवर्षं टाळत होतो. त्या खटल्यानंतर टाळला नाही. बहीण ठरली, तिला विचारलं, मुलांनाही सांगितलं आणि लिहून ठेवलं. चौकीवर येणाऱ्या माणसांत वाईट माणसं थोडी असतात. बहुतेक जण मरणाचा विषय काढायला लाजलेल्यांची मागे राहिलेली माणसं असतात.

मागच्या वर्षी थोरली माझ्या दारात आली. कडेवर बाळ.

"साहेब, मी न् नवऱ्यानं मृत्युपत्र केलंय. आमच्यामागं बाळ धाकटीकडं. साक्षीदार दोन पायजेत."

तिने मला का निवडलं, ते मी विचारलं नाही. पेणच्या नोंदणी कचेरीत मी सही केली. दुसरे साक्षीदार काका. बाहेर आल्यावर काकांनी पिशवीतून नारळ काढला. तिथेच पायरीवर धाकटी बसली आणि थोरलीने बाळ तिच्या ओटीत ठेवलं.

काकांनी नारळ उचलला.

"नीट फोडा काका," थोरली हसत म्हणाली, "खोबरं वाया नका घालवू."

काकांचा हात वरच राहिला. डोळे मिटून ते नुसते ऐकत होते. नारळ फोडायची घाई आमच्यापैकी कोणीच केली नाही.