काळ्या पिठाचं वाळवण

अमरावतीच्या लॅबमध्ये माझं काम एकच होतं. तांब्याचं सल्फाइड खनिज बारीक दळायचं, पाण्यात घुसळून फेस आणायचा आणि फेसाबरोबर तांबं किती वर येतं ते मोजायचं. रसायन लावलेले ताजे कण पाण्याला टाळतात, बुडबुड्यांना चिकटून वर येतात. हवेनं कणावर ऑक्सिडेशनचा पापुद्रा चढला, की तोच कण पाण्याशी सलगी करून तळ गाठतो. म्हणून दळलेली पूड डबाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवायची, हे आमचं सोवळं.

एप्रिलात मी बहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेले आणि ओली पूड हवा काढलेल्या ओव्हनमध्ये वाळवून फ्रीजरमध्ये ठेवायचं काम लॅबमधल्या मैत्रिणीवर सोपवलं. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. परतून चाचणी घेतली, तर खनिजानं सोनेरी चमकणाऱ्या फेसाऐवजी नुसता पांढरा फेस. तीनदा तेच.

सर म्हणाले, "तुमचा हात कच्चा आहे. विषय दुसऱ्याला द्यावा लागेल."

"हिचं रसायनाचं माप चुकलं असेल, सर," शेजारी उभी असलेली मैत्रीण म्हणाली. मला वाटलं, बिचारी मला सावरून घेतेय. काय मूर्ख होते मी!

संध्याकाळी गच्चीवर घरमालकीण काकू कुरडया काढत होत्या. काकूंच्या पोटात काही राहत नाही.

"तुमच्या काळ्या पिठाले दोन दिवस मीच राखलं ना वं! चिमण्या येऊन राहिल्या होत्या."

लॅबचा ओव्हन बिघडलेला. म्हणून मैत्रीण बाईसाहेबांनी माझी पूड जुन्या साडीवर, कुरडयांच्या शेजारी उन्हात पसरली होती. पापुद्र्यातलं तांबं सोडवणाऱ्या द्रावणात मी चिमूटभर पूड टाकली. पाणी निळं झालं, म्हणजे पापुद्रा चढलाच होता.

ती निळी बाटली तिच्यासमोर ठेवली, तेव्हा ती रडली. "मले भेव वाटलं वं. उद्या मीच सरायले सांगतो." मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं सांगितलंही, पण स्वतःचा प्रयोग म्हणून. विषय तिला मिळाला.

पुढे शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तिचं, माझं शेवटी आभारात. त्यात एक वाक्य होतं: नमुना मुद्दाम उन्हात वाळवला. मी संतापून ते काकूंना वाचून दाखवलं.

काकूंनी चष्मा काढला. "मुद्दाम? मंग तुले सांगू नका म्हून ते पोरगी मले कावून म्हणे?"